डोक्यावर चाळीस मिनिटं

समजा, तुम्ही वर्गात बसला आहात. बाईंनी काहीतरी सांगितलं आणि सगळा वर्ग खो खो हसला. तुमचं लक्ष खिडकीबाहेर होतं, त्यामुळं तुम्हांला काही कळलं नाही. आता काय कराल? उभं राहून "बाई, मला कळलं नाही, परत सांगा," असं म्हणणारा वर्गात एखादाच असतो. बाकीचे शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतात आणि जरा उशिरा, जरा जास्तच हसतात. आता समजा, हे दिवसातून एकदा नाही, पन्नासदा होतं. जेवताना होतं, रस्त्यावर होतं, स्वतःच्या दारात होतं. आणि समजा, तुम्ही नऊ वर्षांचे नाही, एकसष्ट वर्षांचे आहात. तुमच्या मिशा पिकल्या आहेत, आणि गल्लीतली माणसं अडल्या म्हशीसाठी पहाटे तुमचंच दार वाजवायची. एवढं डोळ्यांपुढं आणता आलं, तर त्या दुपारी रुद्रय्या गवळी दवाखान्यातल्या खुर्चीत कसा बसला होता ते तुम्हांला दिसेल. हात मांडीखाली, मान खाली, आणि नजर टेबलावरच्या एका कागदावर.

कागदावर कान तपासणाऱ्या अनुजा मॅडमनी दोन काठ्या काढल्या होत्या. तशाच दोन काठ्या त्यांच्या कॉम्प्युटरवरही होत्या, पण म्हाताऱ्याला नीट दिसावं म्हणून त्यांनी त्या पेनानं पुन्हा काढल्या. एक काठी उंच होती. तिच्याखाली लिहिलं होतं : मशीन चालू – रोज साडेअकरा तास. शेजारची काठी इतकी बुटकी होती की ती काठी नाही, पेन चुकून टेकल्याचा डाग वाटावा. तिच्याखाली लिहिलं होतं : मशीन डोक्यावर – रोज चाळीस मिनिटं. रुद्रय्या चौथीपर्यंतच शिकलेला, पण एवढं त्यानं वाचलं. वाचलं, आणि कानांच्या पाळ्या तापल्या. चार वर्षांपूर्वी तापात दोन्ही कान गेले तेव्हापासून कानांचा हा एवढाच उपयोग उरला होता, तापायचा. मग दीड वर्षामागं ऑपरेशन झालं. उजव्या कानाच्या आत एक बारीक तार बसवली, वरच्या कातडीखाली लोहचुंबक ठेवला. बाहेरचं मशीन कानामागं अडकवायचं आणि त्याची रुपयाएवढी चकती डोक्याला लावायची. चुंबकानं ती चिकटते. मशीन आवाज गोळा करतं आणि आत पाठवतं. पण आत जातो तो आपल्या ओळखीचा आवाज नसतो. ती एक नवीच बोली असते, आणि मेंदूला ती रोज, दिवसभर, ऐकून ऐकून शिकावी लागते. हे सगळं मॅडमनी दीड वर्षापूर्वी समजावून सांगितलं होतं. मशीन स्वतःच्याच पोटात सगळं टिपून ठेवतं, एवढंच तेव्हा राहून गेलं असावं. किंवा सांगितलं असेल, आणि रुद्रय्यानं मान डोलावली असेल.

"दिवसभर घालतात ना गं आजोबा?" मॅडमनी विचारलं. ते त्याला नाही, शेजारी बसलेल्या विद्याश्रीला विचारलं. काठ्या काढायच्या आधीची ही गोष्ट. विद्याश्री त्याच्या मुलाची, वीरेशची मुलगी. चौथीत होती. वीरेशला दुपारी सरकी आणायला जायचं होतं, म्हणून दोघंच बसनं आली होती. रुद्रय्यानं नातीच्या ओठांकडे पाहिलं. तिचे ओठ त्याला सगळ्यांत चांगले वाचता यायचे. ते म्हणाले, "व्हय मॅडम. दिवसभर घालतोय. मीच बगती की." असं ती डोळ्याला डोळा लावून म्हणाली, आणि मगच मॅडमनी पेन उचललं.

तिला ठाऊक होतं. माघात एक दिवस शाळेत जायच्या आधी ती दुधासाठी गोठ्यात आली होती. तिथं पेंडीच्या लोखंडी पेटीवर ती चकती गोचिडीसारखी चिकटलेली होती, आणि खाली लोंबणाऱ्या मशीनचा हिरवा दिवा लुकलुकत होता. तिनं पेटीकडे पाहिलं, मग आज्ज्याच्या मोकळ्या कानाकडे पाहिलं. "घामानं निसटतंय गं, म्हणून जरा ठेवलंय," असं तो म्हणाला. तिनं मान डोलावली. ही मान डोलावायची रीत तिनं कुणाकडून उचलली होती? रोज पहाटे रुद्रय्या उठायचा, आंघोळ करून तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसायचा, मग बायकोच्या, शांतादेवीच्या देखत मशीन कानामागं अडकवायचा, चकती लावायचा आणि गोठ्यात जायचा. गोठ्यात पाऊल टाकलं की मशीन पेटीला. दिवा चालूच ठेवायचा. वेळ मोजला जात असेल तर मोजला जावा, असा त्याचा हिशेब. डोकं कुठलं आणि पेटी कुठली, हे मशीनला कळत असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. साडेचार महिने पेंडीच्या पेटीनं गोठ्यातलं सगळं ऐकलं होतं. म्हशींचं रवंथ, शेपट्यांचे फटके, नळाचं पाणी आणि त्याचं स्वतःचं गप्प राहणं.

हे दिवाळीच्या पाडव्यापासून सुरू झालं. तुम्ही कोल्हापूरचे असाल तर पाडव्याची म्हशींची धावपळ तुम्ही पाहिली असेल. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळावर मोरपिसं, आणि पुढं सायलेन्सर काढलेली मोटारसायकल. मालक हाक मारत सुटतो आणि त्याच्या हाकेमागं म्हैस उधळते, हजार माणसांच्या मधून, दुसऱ्या कुणाकडेही न बघता. रुद्रय्याची हारणी चौदा वर्षं त्याच्या हाकेमागं धावली होती. कान गेल्यावरही धावली. हाक त्याच्या कानात नव्हतीच मुळी, ती गळ्यात होती. छातीत कुठं घुमते, टाळूला कुठं लागते, हे त्याला आत हात घालून चाचपल्यासारखं ठाऊक होतं. पण त्या पाडव्याला वीरेश म्हणाला, "आप्पा, मशीन घालूनच या. लोकं बगू देत की," आणि तो मशीन घालून आला. मोटारसायकल सुरू झाली तशी डोक्यात कुणी पत्र्यावर पत्रा घासावा तसं झालं. त्यातून त्यानं हाक दिली आणि ती त्याला स्वतःलाच ऐकू आली. बारकी, किनरी, जत्रेतल्या पिपाणीसारखी. ही माझी हाक? त्यानं आवाज खाली दाबला, मग घशात ओढला, मग जाड केला. मशीनमधून ती बरी वाटेपर्यंत तो तिला ठोकत राहिला. वळून पाहिलं तर हारणी जागच्या जागी उभी. तिनं नाक वर करून हवा हुंगली, त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि अनोळखी माणसाला पाठ दाखवावी तशी घराच्या दिशेनं वळली. गर्दीतले दात दिसले. एकानं हात तोंडाभोवती धरून ओरडून विचारलं. ओरडलेलं ओठांवर लवकर वाचता येतं. "पावणं, म्हस बहिरी हाय का मालक?" वीरेशनं गाडीवरून नुसती मान वळवून एक हाक टाकली आणि हारणी सुटली. वीरेशच्या मागं. रुद्रय्या गाडीवर लेकाच्या पाठीशी बसून होता, आणि म्हैस त्याच्यासाठी धावत नव्हती, हे त्याच्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नसेल. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं मशीन काढून पेटीला लावलं, डोळे मिटले आणि गळ्यातली जुनी हाक दिली. हारणीनं मान उचलली. एवढं पुरलं. मशीनची परीक्षा म्हशीनं घेतली होती आणि निकाल लागला होता.

मॅडम आता काहीतरी बोलत होत्या. कॉम्प्युटरला तार जोडून मशीन चालू होतं आणि त्यांचा आवाज आत येत होता, पण गोणीतून खडी ओतावी तसा. खडीत मधूनच एखादा ओळखीचा दगड : आजोबा, रोज, डोकं. त्या रागावलेल्या नव्हत्या, हे सगळ्यांत वाईट होतं. रागावल्या असत्या तर तोही रागावू शकला असता. म्हणाला असता, बाई, धार काढताना माणूस उजवं डोकं म्हशीच्या कुशीला टेकवतो, चाळीस वर्षं टेकवलंय, आणि तिथंच तुम्ही चुंबक बसवलाय. दोनदा चकती शेणात पडली, एकदा हारणीच्या पायाखाली जाता जाता वाचली. म्हणाला असता, कासंडीत धार पडते तिचा आवाज तुम्हांला माहीत आहे का? आधी झणझण, मग फेस चढला की मऊ, आंधळ्यालासुद्धा कळतं भांडं कितीसं भरलं. तुमच्या मशीनमधून ती धार खिळे ओतल्यासारखी पडते. संध्याकाळी डोकं इतकं ठणकतं की डोळ्यांपुढं काजवे. आणि हेही म्हणाला असता, की बहिऱ्या माणसाला माफी असते. नुसता बहिरा होतो तोवर लोक समोर यायचे, खांद्याला हात लावायचे, बोटांनी अर्धा लिटर, एक लिटर दाखवायचे. कानामागं मशीन दिसलं तेव्हापासून पाठीमागून बोलायला लागले. "आता ऐकू येतंय की!" असं म्हणून. न कळणारा बहिरा साधा बहिरा असतो. मशीन लावून न कळणारा खुळा ठरतो. हे सगळं त्याला म्हणायचं होतं, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी ती पोर दिसत होती. मीच बगती की. त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "व्हय. बरोबर हाय." मॅडमनी कागदावर लिहिलं : पुढच्या महिन्यात मुलाला घेऊन या. खाली एक रेघ मारली. विद्याश्रीनं तो कागद घेतला आणि चार घड्या घालून दप्तराच्या अगदी तळाशी घातला.

बसमध्ये खिडकी तिनं घेतली. रुद्रय्यानं मशीन काढलं नव्हतं. मॅडमच्या दारातून बाहेर पडताना काढायला हात वर गेला होता, पण पोर बघत होती म्हणून त्यानं टोपी सारखी केली. बस हादरत होती आणि प्रत्येक हादऱ्याला डोक्यात भांड्यांची रास कोसळत होती. कंडक्टर, हॉर्न, कुणाचा तरी फोन, सगळं एकाच जातीचं, एकाच पत्र्याचं. तिची पाठ त्याला दिसत होती, दोन वेण्या आणि मधली सरळ रेघ. ती एकदाही वळली नाही. मुलांना राग आला की ती रडतात, पाय आपटतात. ही तशी नव्हती. हिचा राग घडी घालून ठेवलेला असायचा. पण हा राग होता का? की आणखी काही? त्याला पौषातली संध्याकाळ आठवली, आणि आठवायची नव्हती.

मॅडमनी सरावासाठी शब्दांच्या पाच याद्या दिल्या होत्या. रोज संध्याकाळी विद्याश्रीनं वही तोंडापुढं धरायची, म्हणजे ओठ दिसू नयेत, आणि यादीतले शब्द वाचायचे. रुद्रय्यानं ऐकून परत म्हणायचे. बरोबर आला की वहीत तांबड्या पेन्सिलीची खूण. तीच ती रोजची चाळीस मिनिटं. साठ घरांचं दुधाचं माप ज्याच्या तोंडी होतं, त्याला पाच याद्या पाठ करायला आठवडा पुरला. वहीआडून काय येतं याच्याकडे तो लक्षच देत नव्हता. तिचा श्वास वर झाला की शब्द झाला, मग आपला म्हणायचा : पाणी, पाट, पाटी, पाखरू. वहीत तांबड्या खुणांची शेतं पिकली. यादी संपली की वही तशीच तोंडापुढं ठेवून ती बोलायची. शाळेचं असेल, मैत्रिणींचं असेल. वहीआड बोलायला तिला आवडायचं, एखाद्या पडद्यामागं बसल्यासारखं. तो म्हणायचा, "आसं?" म्हणायचा, "मग?" कधी हसायचा. वहीवर दिसणारे तिचे डोळे हसरे आहेत की नाही यावरून तो आपलं हसू ठरवायचा. आणि पौषात एकदा ती नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलली. वही हलत होती. डोळे बारीक झाले होते. हसते आहे, असं त्याला वाटलं. ती थांबली तसा तो मांडीवर थाप मारून हसला आणि म्हणाला, "लई बेस! आसंच पायजे!"

वही खाली आली. तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग तिनं त्या दिवसाच्या चौकटीत तांबडी खूण केली, नीट, रेघेबाहेर न जाऊ देता, आणि वही मिटली. त्या दिवसानंतर यादी संपली की ती उठून जायची. बोलत नसे. आणि बाळांनो, खरं ते सांगायला हवं. रुद्रय्याला तेव्हा बरं वाटलं होतं. एक कटकट कमी झाली, असं वाटलं होतं. आज बसमध्ये, त्या दोन वेण्यांकडे बघताना, त्या बरं वाटण्याची त्याला लाज वाटली. ती काय म्हणाली होती? लई बेस कशाला म्हणालो मी? त्यानं ती संध्याकाळ पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढं आणली. वही, डोळे, हलणारी कड. चित्र होतं, आवाज नव्हता. आवाज त्यानं घेतलाच नव्हता.

"खोटं का बोललीस?" त्यानं विचारलं. हळूच विचारलं, असं त्याला वाटलं. पण अख्खी बस वळून बघायला लागली. पुढच्या बाकावरच्या बाईनं तर मुलाला जवळ ओढलं. विद्याश्री लालबुंद झाली आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं. मग आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, एकेक अक्षर सुटं करत ती म्हणाली, "पप्पा तुला वरडतील म्हणून." आणि परत खिडकीकडे वळली.

घरी शांतादेवी दारातच उभी होती. "काय म्हनाल्या वो बाई?" तिनं विचारलं. हात हलवून, मोठा जबडा करून, नेहमीसारखं. रुद्रय्यानं उत्तर द्यायच्या आत विद्याश्रीनं दप्तर खुंटीला अडकवलं आणि म्हणाली, "चांगलं हाय म्हनाल्या आज्जी. लई चांगलं." आजचं दुसरं खोटं. आता ते तिच्या तोंडातून आपोआप येत होतं, धार लागल्यासारखं. वीरेश सरकीचं पोतं उतरवून आत येत होता. त्याचा चेहरा उजळला, आणि ते उजळणं रुद्रय्याला सहन झालं नाही.

"खोटं हाय त्ये," तो म्हणाला. आवाज किती निघाला कुणास ठाऊक. शेजारची दारंही ऐकती झाली असतील. "पोरगी माझ्यापायी खोटं बोलतीया. मी मशीन घालतच न्हाय. पाडव्यापासनं. गोठ्यातल्या पेटीला लावून ठेवतो."

कुणी काही बोललं असेल. डोक्यात नुसती खरखर होती. मग वीरेशनं पोतं खाली टाकलं. तो समोर आला, तोंड नीट दिसेल असा, आणि रागानं सावकाश बोलला, म्हणून प्रत्येक शब्द वाचता आला. "पेटीला ऐकाय लावलंत व्हय आप्पा? मग आता पेटीसंगंच बोलत बसा." शांतादेवीला हसू फुटलं, ते अर्ध्यावरच विरलं. "साडेचार म्हयनं," ती म्हणाली, "साडेचार म्हयनं मी रोज पाठीमागनं हाका मारतीया, आन् मनाला म्हनतीया, ऐकू येतंय पर मुद्दाम बोलत न्हाईत. रुसल्यात माझ्यावर. मी काय केलं आसंल, ते आठवत बसायची वो मी." ती पदर तोंडाशी नेऊन आत गेली. हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. आपली लाज आपल्यापुरती, झाकली की झाली, असं तो धरून चालला होता. ती घरभर अशी वाटली गेली होती आणि ज्याला त्याला ती स्वतःचीच वाटत होती.

"म्हस वळखंना," तो म्हणाला. "मशीन घातलं की माझी हाक बदलतीया. हारणीला पटंना."

पाडव्याचा तो क्षण वीरेशलाही आठवला असावा, कारण त्याची नजर वळली. "हारणी माझ्या हाकंनं येती की आप्पा," तो म्हणाला. "हाका मी मारतो. तुमी ऐका नुसतं." हे त्यानं मायेनं म्हटलं होतं, रुद्रय्याला ते दिसत होतं, आणि तरीही कुणीतरी हातातलं दावं काढून घ्यावं तसं वाटलं. चौदा वर्षांची हाक. ती आता लेकाची. त्यानं मान डोलावली नाही. "बरं," असं तोंडानं म्हणाला. शब्द डोक्यात खडखडला. आपला आहे, हे त्यानं ओळखलं.

संध्याकाळच्या धारेला तो मशीन घालूनच गोठ्यात गेला. उजवं डोकं टेकवायचं नाही म्हणून डावीकडून बसला. हारणीला ते खपलं नाही. तिनं दोनदा पाय झाडला आणि पान्हा चोरला. पहिल्या चार धारा कासंडीत खिळ्यांसारख्या पडल्या आणि मग आचळं कोरडी झाली. रुद्रय्या बोटं चालवत राहिला. दूध विकायच्या कट्ट्यावर आज अर्धंच दूध जाईल, लोक विचारतील, आणि विचारलेलं कळणार नाही. तेव्हा म्हशीच्या पोटाखालून त्याला पलीकडे दोन पाय दिसले. शाळेचे पांढरे मोजे, एक घोट्यापर्यंत घसरलेला. विद्याश्री कधी आली होती, कळलं नाही. ती पेंड घालत नव्हती की रेडकाशी खेळत नव्हती. नुसती उभी होती.

"विद्या," तो म्हणाला. "पौषात तू मला कायतरी सांगितलंवतंस. यादी झाल्यावर. मी हसलो." पाय हलले नाहीत. "मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं बग. उगंच हसलो." हे म्हणताना त्याला वाटलं, आता ती निघून जाईल, आणि गेली तर बरंच. मग त्यानं उरलेलंही म्हटलं. एकसष्ट वर्षांत तो ते कुणाला म्हणाला नव्हता. बायकोला नाही, लेकाला नाही, मॅडमना नाही. "आता परत सांग. कळंपतोर ईचारतो."

पलीकडून आवाज आला. खडी ओतल्यासारखा, बारीक खडी. "कळलं न्हाय," तो म्हणाला. आवाज परत आला. या वेळी खडीत एक ओळखीचा दगड होता : मोना. मोना तिच्या वर्गातली, शेजारी बसणारी मैत्रीण. "मोनाचं काय? परत सांग." तिसऱ्यांदा बाक आलं, आणि न्हाय आलं. हारणीनं शेपटीचा फटका त्याच्या तोंडावर मारला आणि आवाज फाटला. त्याच्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला. म्हातारा माणूस, स्वतःच्या नातीपुढं मठ्ठ पोरासारखा. "परत," तो म्हणाला. चौथ्यांदा एक शब्द असा स्पष्ट आला की तो दचकला. वास.

आणि मग पुढचं त्याला ऐकायची गरजच नव्हती. मोना, बाक, न्हाय, वास. गवळ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला ते वाक्य कुणी शिकवावं लागत नाही. चौथीत त्याच्याही शेजारून एक जण दप्तर घेऊन उठला होता आणि नाकाला बोटं लावून मागं जाऊन बसला होता. त्यानंतर रुद्रय्या शाळेत फार दिवस गेला नाही. म्हणजे हे सांगत होती पोर. वहीआडून, हलणाऱ्या वहीआडून, हे. आणि मी मांडीवर थाप मारली. लई बेस. आसंच पायजे. त्याची मान आपोआप वरखाली व्हायला निघाली. कळलं, कळलं गं, सगळं कळलं, असं म्हणायला काहीच हरकत नव्हती. खोटंही झालं नसतं ते. एक मान डोलावली की तिलाही सुटका, त्यालाही. चार शब्द तिचे, बाकीचे त्याच्या स्वतःच्या लहानपणातले, वाक्य पुरं. पण ते तिचं वाक्य झालं नसतं. कुणी म्हटलं, कधी म्हटलं, आणि ती मग काय करते, एकटी बसते का, डबा कुठं खाते, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते त्याच्या लहानपणात लिहिलेलं नव्हतं.

त्यानं मान आवरली. कासंडी बाजूला ठेवली. म्हशीच्या पोटाखालून त्या दोन मोज्यांकडे बघत तो म्हणाला, "वास एवढं कळलं. पुढचं न्हाय कळलं. परत सांग."

पलीकडं एक पाय दुसऱ्या पायावर चढला आणि घसरलेला मोजा वर ओढायला एक हात खाली आला. मग विद्याश्री तिथंच, हारणीच्या पलीकडे, त्याला तोंड न दाखवता, शेणानं सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसली. आणि पाचव्यांदा, पहिल्या शब्दापासून, सांगायला लागली.